तळघरातली ओल आणि हौदातले पाणी

जालना जिल्ह्याचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला टँकर आठवतो. २०१२-१३ चा दुष्काळ ज्या घरांनी काढला, तिथे आजही भांडे धुतलेले पाणी झाडाला घातल्याशिवाय मोरीत जात नाही. अशा जिल्ह्यातून आम्हाला दर पावसाळ्यात पाणी जास्त झाल्याची पत्रे येतात, हे सांगितले तर कोणी हसेल. पण येतात. भाद्रपदाच्या सुमारास तर जास्तच. कुणाच्या भिंतीला लोणा धरलेला असतो, कुणाच्या लोखंडी पेटीतल्या रजया कुबट झालेल्या असतात, कुणाच्या कोठीतल्या गव्हाला वास लागलेला असतो. घर जुने असो की नवे, तक्रार बहुतेक वेळा जमिनीखालच्या खोलीची असते.

या वेळी जुन्या जालन्यातील एका भगिनीचे पत्र आम्ही बाजूला काढले, कारण त्यात ओलीपेक्षा मोठी गोष्ट आहे. घर दोन मजली, खाली तळघर. वर जेठ-जाऊ, सासूबाई, हे पती-पत्नी आणि मुले. जागा कमी पडते म्हणून जेठांचा दहावीतला मुलगा तळघरात झोपतो आणि तिथेच अभ्यास करतो. उन्हाळ्यात सगळ्यांना त्याचा हेवा वाटतो. जुलैपासून मात्र तो रात्री खोकतो. डॉक्टरांनी फवाऱ्याचे औषध दिले आणि विचारले, मुलगा झोपतो कुठे? आता घरात तीन मते आहेत. जेठ म्हणतात, भिंतीला चांगला ऑइल पेंट मारू. दुकानदार म्हणतो, वीस लिटरचा डीह्युमिडिफायर घ्या, आठवड्यात खोली कोरडी. पती म्हणतात, भिंत आतून ओली असेल तर यंत्र काय करणार? भगिनी विचारतात, बरोबर कोण?

आमच्या मते पती बरेचसे बरोबर, दुकानदार थोडासा बरोबर आणि जेठ या घटकेला चूक. का, ते जरा सविस्तर सांगतो.

हवेत पाणी वाफेच्या रूपात असते आणि हवा जितकी गरम तितकी ती जास्त वाफ धरते. ३० अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ धरू शकते. २५ अंशांची हवा फक्त २३ ग्रॅम. आता ऑगस्टमधली एखादी दुपार घ्या. बाहेर ३० अंश, आर्द्रता ७५ टक्के. म्हणजे त्या हवेत घनमीटरला साधारण २३ ग्रॅम वाफ आहे. ही हवा तळघराच्या उघड्या दारातून खाली उतरते. खालची भिंत जमिनीला टेकलेली, थंड, समजा २५ अंशांची. भिंतीजवळ गेलेली हवा थंड होते आणि तिची धारणाशक्ती नेमकी २३ ग्रॅमवर येते. म्हणजे ती शंभर टक्के भरली. भिंत अंशभर जरी आणखी थंड असली तरी वाफेचे थेंब होतात. बर्फाच्या पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो तोच हा प्रकार.

म्हणून पावसाळ्यात 'जरा हवा खेळू दे' म्हणून दिवसभर तळघराचे दार उघडे टाकणे म्हणजे ओल आत बोलावणे. आपल्याकडच्या बहुतेक घरांत हेच होते, आणि ते करणाऱ्या सासूबाईंचा हेतू अगदी चांगला असतो. उन्हाळ्यात आणि थंडीत त्यांचे बरोबरही असते. फक्त जूनअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा एवढा काळ हिशेब उलटा होतो.

पण ही झाली हवेतून येणारी ओल. दुसरी ओल मातीतून येते. आपली काळी माती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्याने पायाला आणि तळघराच्या भिंतींना चिरा जातात. पहिल्या जोरदार पावसाचे पाणी भेगांतून थेट खोल जाते, मग माती फुगून भेगा मिटतात आणि पाणी भिंतीला चिकटून महिनोन्‌महिने राहते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिच्यानंतर अनेक घरांनी हे पाहिले असेल. पाऊस थांबून उन्हे पडली तरी तळघराची भिंत वाळत नाही. विटेतून झिरपणारे पाणी स्वतःबरोबर मातीतले क्षार आणते, पृष्ठभागावर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. पांढरा लोणा तो हाच. लोणा दिसला की पाणी भिंतीच्या आतून येते आहे असे खुशाल समजावे.

दोन्ही ओली एकाच वेळी असू शकतात. कोणती किती हे ओळखण्याचा उपाय अगदी स्वस्त आहे. जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड-दोन फुटांचा चौकोनी तुकडा घ्या. भिंतीचा तेवढा भाग कापडाने पुसून प्लॅस्टिकच्या चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. एक तुकडा भिंतीला, एक फरशीला. एक दिवस, एक रात्र थांबा. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे आले, तर पाणी भिंतीतून येते. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला आले, तर हवेतून. दोन्हीकडे आले तर दोन्हीतून. हे झाल्याशिवाय दुकानात जाऊ नये आणि रंगाऱ्यालाही बोलावू नये.

आणि आता जालन्याची खास गोष्ट. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून प्रत्येक घरात जमिनीखाली हौद आहे. जागा तेवढीच, त्यामुळे हौद बहुधा तळघराला लागून असतो. कधी मधली भिंत एकच असते. पत्रात भगिनींनी सहज लिहिले आहे की, मुलाचा पलंग ज्या भिंतीला आहे ती सर्वांत ओली, आणि 'पलीकडे आमचा हौद आहे'. आम्हाला वाटते, अर्धे उत्तर त्यांनी स्वतःच दिले.

खात्री अशी करा. पाणी आल्यावर हौद भरून घ्या. रात्री सर्वांचे आटोपल्यावर पंप बंद, नळ बंद. हौदात पट्टी किंवा काठी उभी करून पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि झाकण लावा. पहाटे फजरला उठणारे कोणी तरी घरात असतेच, त्यांनी वजूसाठी नळ सोडण्याआधी पुन्हा पातळी बघावी. सहा फूट लांब आणि पाच फूट रुंद हौदात पाणी एक सेंटिमीटर उतरले तर किती गेले? सुमारे २८ लिटर. बोटाच्या नखाएवढा फरक, आणि दोन बादल्या पाणी एका रात्रीत मातीत आणि भिंतीत. वीस लिटरचे यंत्र चोवीस तास चालवून त्याच्याशी बरोबरी करणार कशी? शिवाय ज्या पाण्यासाठी आपण नळाची वाट पाहतो, टँकरला पैसे मोजतो, तेच पाणी आपण मुलाच्या उशाशी सोडतो आहोत.

गळती कुठे आहे हेही हौद स्वतः सांगतो. दोन-तीन दिवस भर न घालता पातळी बघत राहा. जिथे येऊन पाणी उतरायचे थांबते, चीर बहुतेक त्या उंचीवर असते. उतरतच राहिले तर तळाशी. दुरुस्ती हौदाच्या आतून करायची. चीर छिन्नीने थोडी रुंद करून न आकसणारा मसाला भरायचा आणि वर पिण्याच्या पाण्याला चालणारे जलरोधक लेपन. तळघराच्या बाजूने लेप लावून उपयोग नाही, पाण्याचा दाब तो ढकलून देतो. हे काम हौद रिकामा आणि भिंत कोरडी असताना, म्हणजे मे महिन्यात नीट होते. तोवर हौद चिरेच्या पातळीखालीच भरा आणि उरलेले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवा.

हौद निर्दोष निघाला तर पुढे शोध घ्या. गच्चीचा पन्हाळ पायाशीच पाणी ओततो का? वरची न्हाणी नेमकी तळघराच्या डोक्यावर आहे का? अंगणाचा उतार घराकडे आहे की रस्त्याकडे? पन्हाळाला चार-सहा फुटांचा पाइप जोडून पाणी पायापासून दूर सोडणे हे काही शे रुपयांचे काम आहे, आणि आमच्या पाहण्यात त्याने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या रंगाने पडत नाही.

रंगाबद्दल एवढेच, की ओल्या भिंतीवर ऑइल पेंट किंवा फरश्या लावल्या की पाणी आत अडकते आणि वर चढून वाट शोधते. कमरेपर्यंत टाइल लावली की दोन वर्षांत छातीच्या उंचीवर पोपडे सुटतात, हे कुणीही आपल्याच गल्लीत पाहिले असेल. भिंत वाळेपर्यंत साधा चुना बरा. तो श्वास घेऊ देतो.

आपल्या वाडवडिलांना जमिनीखाली वस्तू ठेवण्याचे शास्त्र चांगले ठाऊक होते. मराठवाड्यात ज्वारी पेवात ठेवत. पेव कुठेही खणत नसत. उंचावरची, पाणी न मुरणारी मुरमाड जागा बघत. आतून जाळ करून ते भाजून घेत, कडब्याचे आणि भुशाचे अस्तर देत, उन्हात खडखडीत वाळवलेली ज्वारी भरत आणि तोंड मातीने बंद करत. मग पावसाळ्यात ते उघडत नसत. 'पेव फुटणे' हा शब्दप्रयोग आपण आज गर्दीसाठी वापरतो, पण मूळ या धान्याच्या खड्ड्याचे आहे. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे, कारण कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरून मरतो. याच्या उलट छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. तिथल्या मोठ्या हौदाखाली खांबांवर तोललेले दालन आहे, हौदाचा तळ हेच त्याचे छत. उन्हाळ्यात तिथे थंडावा मिळतो. पण ते उन्हाळ्यात विसावण्याचे दालन, बारा महिने झोपण्याची, पुस्तके ठेवण्याची खोली नव्हे. आपण मात्र एकाच तळघराकडून पेवाचे आणि पाणचक्कीचे दोन्ही काम मागतो, वर त्यात मुलाला अभ्यासाला बसवतो.

जालन्यात ओल काढण्याचे आधुनिक ज्ञानही घरचेच आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि आज जालना बियाण्यांचे गाव म्हणून देशभर ओळखले जाते. बियाण्याचा खरा शत्रू ओल. हॅरिंग्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाचा ठोकताळा या धंद्यात सर्वांना पाठ असतो. बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्याचे साठवणीतले आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणून बियाण्यांच्या चांगल्या गोदामांत नुसता थंडावा ठेवत नाहीत, हवाही कोरडी करतात. तुमच्या नात्यात, शेजारात बियाणे कंपनीत काम करणारे कोणी असेल तर त्यांना विचारा. ते पहिला प्रश्न विचारतील, दार किती वेळा उघडता?

आता यंत्राकडे येऊ. डीह्युमिडिफायर म्हणजे एका खोक्यात बसवलेला छोटा फ्रिजच. पंखा खोलीतली हवा ओढतो, ती थंड नळ्यांवरून जाते, वाफेचे पाणी होऊन टाकीत पडते, मग तीच हवा गरम नळ्यांवरून बाहेर येते. खोली गार होत नाही, उलट दोन-तीन अंशांनी तापते. हे दुकानदार सांगत नाही आणि मग घरी आणल्यावर 'हा एसी बिघडला' असे वाटते. खोक्यावर लिहिलेले वीस लिटर हे ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत चोवीस तास चालवल्यावरचे. हवा कोरडी होत जाईल तसे पाणी कमी निघते, साठ टक्क्यांच्या आसपास जवळपास निम्मे.

यंत्र आणलेच, तर त्याच्या टाकीकडे डॉक्टरांनी रिपोर्ट पाहावा तसे पाहा. बारा बाय बारा फूट, नऊ फूट उंच खोलीत सुमारे ३७ घनमीटर हवा असते. ती २७ अंशांना ८५ टक्के दमट असेल, तर तिला ५५ टक्क्यांवर आणायला किती पाणी काढावे लागते? पाव लिटरपेक्षा थोडे जास्त, बस. चहाचे तीन-चार कप. भिंती, गाद्या, लाकूड यांनी शोषलेले पाणी पहिले आठ-दहा दिवस निघत राहील, ते वेगळे. पण तीन आठवड्यांनंतरही टाकी रोज आठ-दहा लिटरने भरत असेल, तर ते पाणी कुठून तरी नव्याने येते आहे. दारातून, भिंतीतून, हौदातून किंवा दोरीवरच्या कपड्यांतून.

हो, कपडे. पावसाळ्यात वर जागा नाही म्हणून तळघरात दोरी बांधून पंख्याखाली कपडे वाळवण्याची पद्धत घरोघरी आहे. पिळलेले कपडे बादलीसकट वजनकाट्यावर ठेवा, वाळल्यावर पुन्हा ठेवा. फरक जेवढा, तेवढे पाणी तुम्ही त्या खोलीच्या हवेत सोडले. मोठ्या कुटुंबाच्या एका धुण्यात ते सहज दोन-तीन लिटर भरते. यंत्राला रोज हे काम देणे म्हणजे वीज जाळून दोरीचे पाणी टाकीत भरणे.

विजेचा हिशेबही करून ठेवा. या मापाचे यंत्र साधारण ३०० ते ४०० वॅट घेते. दिवसाला दहा तास चालले तर तीन-साडेतीन युनिट, महिन्याला शंभराच्या आसपास. आकडा घाबरवणारा नाही, पण ज्यांचे बिल शंभर युनिटच्या आत असते त्यांचा टप्पा बदलतो आणि वरच्या युनिटांचा दर चढा लागतो. यंत्राची किंमत पंधरा-वीस हजारांपासून पुढे. वर्षातले साडेतीन-चार महिने वापर. मोहल्ल्यात देग जशी घरोघर फिरते तसे हे यंत्र फिरवता आले असते तर बरे झाले असते, पण अडचण अशी की सगळ्यांना ते एकाच ऑगस्टमध्ये हवे असते. घरात एसी असेल तर त्याचा कोरडा मोडही हे काम बऱ्यापैकी करतो.

यंत्राआधी आर्द्रता मोजणारे छोटे घड्याळ घ्या, काही शे रुपयांत मिळते. ते खरे दाखवते का हेही घरी तपासता येते. झाकणाच्या डब्यात लहान वाटीत मीठ घेऊन ते ओलसर होईल एवढेच पाणी घाला, बाजूला घड्याळ ठेवून डबा घट्ट बंद करा. सात-आठ तासांनी काटा ७५ च्या जवळ हवा. ८० दाखवत असेल तर पुढे नेहमी पाच वजा करून वाचा. खोली ५० ते ५५ टक्क्यांवर ठेवायची. सत्तरच्या वर दिवसेंदिवस राहिली की बुरशी धरते. धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे त्याच्याही आधी वाढू लागतात. त्याहून खाली, तीस-चाळीसवर आणण्याचा हट्ट नको, नुसते बिल वाढते.

यंत्र चालू असताना दार-खिडकी बंद. भिंतीपासून हात-दीड हात दूर, खोलीच्या मध्याकडे. टाकीऐवजी नळी मोरीत सोडता आली तर रोजचा व्याप वाचतो. जाळी पंधरा दिवसांनी धुवा. टाकीतले पाणी स्वच्छ दिसते, पण ते धुळीवरून आणि धातूच्या नळ्यांवरून आलेले असते. पिण्यात, स्वयंपाकात किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका. फरशी पुसायला, झाडांना चालेल. आणि सर्वांत महत्त्वाचे विजेचे. ओल्या तळघरात एक्स्टेन्शन बोर्ड फरशीवर ठेवू नये. अर्थिंग तपासून घ्या, आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या. ज्यांना हे परवडत नाही त्यांना यंत्रही परवडत नाही, असे आम्ही स्पष्ट म्हणू.

काही घरगुती उपायांविषयी. जुमेरातला लोबान फिरवतात, त्याने कुबट वास झाकला जातो, ओल तिथेच राहते; खोकणाऱ्या मुलाच्या खोलीत तर धूर नकोच. कोळशाची शेगडी पेटवून दार लावून तळघर शेकणे हे प्रकरण जीवघेणे आहे. कोळशाचा तो वायू ना दिसतो ना त्याला वास असतो, आणि झोपेतला माणूस उठत नाही. जनरेटरही तळघरात चालवू नये. वाळ्याचा कूलर पावसाळ्यात तळघरात लावणारे आम्ही पाहिले आहेत. तो पाणी हवेत मिसळण्याचेच यंत्र आहे. पांढऱ्या खड्यांचे ओल शोषणारे डबे बाजारात मिळतात, ते बंद कपाटापुरते ठीक. डब्यात साचलेले खारे पाणी कपड्यांवर किंवा लोखंडी पेटीत सांडू देऊ नका. कळीचा चुना पेटीत ठेवण्याची जुनी रीत आहे, पण पाणी पडले तर तो उसळून भाजतो. मुले आहेत तिथे नको.

पेटीचा विषय निघाला म्हणून कागदांबद्दल. आपल्या अनेक घरांत तळघरातल्या पेटीत निकाहनामे, शाळा सोडल्याचे दाखले, खरेदीखते, निजामाच्या काळातले उर्दू कागद पडून आहेत. २०२३ मध्ये आपल्याच अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचे नाव गाजले, तेव्हा निजामकालीन नोंदींची किती शोधाशोध झाली, आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची किती गरज पडली, हे सर्वांनी पाहिले. जुन्या कागदाची गरज कधी पडेल सांगता येत नाही. हे कागद आजच वरच्या मजल्यावर न्या. ओले झाले असतील तर उन्हात टाकू नका, शाई उडते. इस्त्री करू नका. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर, मध्ये कोरे शोषक कागद घालून वाळवा. बुरशी घराबाहेर, नाकावर फडके बांधून, मऊ ब्रशने झटका. लॅमिनेशन मुळीच करू नका, ते परत निघत नाही आणि आत राहिलेली ओल कागद खाते. सगळ्यांच्या सुस्पष्ट प्रती काढून एक संच दुसऱ्या नातेवाइकाकडे ठेवा. कुरआन शरीफच्या जुन्या प्रती आणि किताबांनाही हाच नियम. भिंतीला टेकवून ठेवू नका, बोटभर फट ठेवा.

गव्हाचेही थोडक्यात. वर्षाचा गहू आपण एप्रिल-मेमध्ये भरतो तेव्हा तो कोरडा असतो. कोठी उघडी आणि तळघर सत्तर टक्के दमट असेल तर गहू हवेतून पाणी पिऊन हळूहळू तेरा-चौदा टक्क्यांपर्यंत चढतो, आणि किडा तिथेच सुखावतो. कोठी घट्ट झाकणाची, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर.

आता त्या मुलाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर, बुरशी लागलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, श्वासात घरघर आणि दम्याचा त्रास जास्त आढळतो, असे ती सांगते. त्रास टाळायचा तर ओलच काढा, हाही तिचा सल्ला. हौदाची दुरुस्ती मेमध्ये होईल, भिंत वाळायला पुढचे काही महिने लागतील, यंत्र आणायचे की नाही ते घरात ठरेल. यातल्या कशाचीही वाट न पाहता मुलाला आज रात्री वर झोपवा. डॉक्टरांचे औषध त्यांनी सांगितले तसे चालू ठेवा. यंत्र आले म्हणून फवारा बंद करायचा नसतो.

जागा नाही, असे पत्रात लिहिले आहे. पण त्याच पत्रात बैठकीचाही उल्लेख आहे. दोन खिडक्या, सोफा, काचेचे कपाट, आणि 'पाहुण्यांसाठी ठेवतो'. आपल्या सगळ्यांच्या घरात असेच असते. सर्वांत हवेशीर खोली वर्षातून वीस दिवस येणाऱ्या पाहुण्यांसाठी राखलेली, आणि रोजचा माणूस कोंदट कोपऱ्यात. सोफा एका भिंतीला सरकवा, रात्री गादी टाका, दिवसा गुंडाळा, खिडकीशी टेबल लावा. पाहुणे आले तर दहावीचा मुलगा तिथे अभ्यास करताना दिसेल, त्यात कमीपणा काय? सासूबाईंना हे पटवण्याचे काम सुनेने एकटीने करू नये, जेठांनी स्वतः बोलावे. मुलगा त्यांचा आहे.

तळघर मग सामानासाठी वापरा. मापाची घडी तिथे ठेवा आणि रोज सकाळी आकडा दिनदर्शिकेवर लिहा. ऑक्टोबरच्या अखेरीस बाहेरची हवा ३० अंश आणि ४० टक्क्यांवर येते, तेव्हा तिच्यात घनमीटरला फक्त बारा ग्रॅम वाफ असते. तीच हवा २५ अंशांच्या भिंतीपाशी गेली तरी आर्द्रता पन्नासच्या थोडी वर राहते. तेव्हा दार, झरोके, सगळे उघडा, दाराकडे तोंड करून पंखा लावा, रजया गच्चीवर दोन उन्हे दाखवा. हे फुकटचे यंत्र मेपर्यंत चालते. पुढच्या जूनमध्ये हौद दुरुस्त, पन्हाळ लांब आणि दार बंद असूनही आकडा ६५ च्या वर राहिला, तर दुकानदाराकडे जा. तेव्हा वीस लिटरचे नव्हे, बारा लिटरचे यंत्रही पुरेल, बहुधा.

भगिनींनी शेवटी विचारले आहे की पेटीत डांबरगोळ्या घालू का. डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, ओलीवर त्यांचा काही उपयोग नाही, आणि त्यांचा वास दम्याच्या मुलाला चालत नाही. कडुनिंबाचा पाला घाला, पण चुरा होईल इतका वाळवून. ओला पाला घातला तर पेटीत तोच आधी कुजतो.